पथ्याची आमटी

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "केळी खाता?"

"खातो की," सयाजीराव साळोखे म्हणाले.

"शहाळं?"

"ड्युटीवर जाताना रोज एक. तब्बेतीला बरं असतंय."

"टोमॅटो, बटाटा, पालक, गूळ, शेंगदाणे?"

सयाजीरावांनी शेजारी बसलेल्या बायकोकडं, अंजनाकडं, कौतुकानं बघितलं. डॉक्टर कालच आपल्या घरी जेवून गेल्यासारखे बोलत होते.

"हे सगळं आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले. "रक्तात पोटॅशियम वाढलंय. ब्लडप्रेशरनं तुमची किडनी थकलीय, ती ते बाहेर टाकत नाही. पाच पूर्णांक आठ आहे. सहाच्या वर जाऊन बसलं तर ॲडमिट करावं लागेल. हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही."

सयाजीराव म्हणजे कोल्हापूरच्या एसटी स्टँडावरचे वाहतूक नियंत्रक. माइक हातात घेऊन त्यांनी "गाडी फलाटावर लागलेली आहे" एवढं म्हटलं की बाकड्यावर झोपलेली माणसं दचकून उठायची आणि भलत्याच गाडीत जाऊन बसायची. पण केळं बंद म्हटल्यावर हा एवढा आवाज बसला.

"मग खायाचं काय, डॉक्टर?"

"भात खा. कोबी, दोडका, काकडी, सफरचंद खा. ह्या पावडरीची पुडी रोज पाण्यातून घ्या. बाकीच्या भाज्या आणि डाळ खायचीच असेल तर थोडी खा, पण आधी भरपूर पाण्यात उकडायची आणि ते पाणी फेकून द्यायचं."

का फेकायचं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. बाहेर पेशंट ताटकळत होते, आणि कारणं सांगत बसायला ते काय शाळामास्तर नव्हते. त्यांनी घंटी वाजवली.

खरं म्हणजे साळोख्यांच्या घरात त्या दिवसांत किडनीपेक्षा नाजूक एक गोष्ट होती, ती म्हणजे सोयरीक. एकुलती एक लेक तेजस्वी, तिचा साखरपुडा ठरला होता. मुलगा गडहिंग्लजचा, ऋतुराज, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये नोकरीला. देखणा, निर्व्यसनी, आणि मुख्य म्हणजे तेजस्वीच्या मनात भरलेला. कांदेपोह्यांच्या दिवसापासून पोरगी आरशासमोरून हलत नव्हती. अडचण होती ती मुलाच्या बापाची. जोतीराम ह्या गृहस्थांनी पोराच्या दोन सोयरिकी आधीच मोडलेल्या होत्या. एक, मुलीच्या मामाला साखर आहे म्हणून. दुसरी, मुलीचा चुलता जिना चढताना धापा टाकतो म्हणून. "रक्त बघून सोयरीक करावी" असं ते येताजाता सांगायचे. आणि इथं तर खुद्द बापाच्याच रक्तात घोटाळा निघाला होता.

"साखरपुडा हुईपर्यंत ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा न्हाय," अंजना रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली. "मंगळवार पेठेत शिंकलं की गडहिंग्लजला ऐकू जातंय."

"मी कुणाला सांगतोय?"

"तुमी हळू बोला. तेवढं केलं तरी बास."

कुणाला कळता कामा नये, म्हणजे अर्थातच आक्काला सोडून. तानाबाई ही सयाजीरावांची थोरली बहीण, जयसिंगपूरजवळच्या एका गावात दिलेली. आई लवकर गेली, तेव्हा परकरी वयाच्या ह्या बहिणीनं सयाजीला भरवलं, न्हाऊ घातलं, बदडलं आणि मोठं केलं. सयाजीची पन्नाशी उलटली तरी ह्यातला एकही हक्क तिनं सोडलेला नव्हता. फोनवर तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पोटॅश? आमी उसाला घालतोय त्ये?"

"तसलंच कायतरी, आक्का."

"आमी पोती पोती घालतोय. ऊस कसा तरारून येतो. तुलाच कशानं बाधलं?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आक्का हजर झाली आणि चहा पिऊन व्हायच्या आत तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. अंजनानं तिला डॉक्टरांचं सांगणं शब्दाला शब्द सांगितलं. केळी बंद, शहाळं बंद, गूळ बंद. आक्का मान डोलवत राहिली. पाण्याशी आल्यावर मात्र तिनं विळी बाजूला सारली.

"फेकायचं? म्हंजे कट फेकायचा?"

"डॉक्टरच म्हणालेत, वन्सं."

"कुठला हाय डॉक्टर?"

"पुण्याला शिकलाय म्हणं."

"मग बरोबर हाय. त्येला काय कटाची किंमत?"

आता पुरणासाठी डाळ शिजवली की वरचं जे पाणी निथळून काढतात तो कट, आणि त्याची जी झणझणीत आमटी होते ती कटाची आमटी, हे काही वेगळं सांगायला नको. आपल्याकडं पोळी फाटली तर पाहुणा पोटात घालतो. आमटी जमली नाही तर तो पुढल्या सणाला येत नाही. आक्काचं उभं आयुष्य कट राखण्यात गेलं होतं. शिजल्या डाळीचं पाणी मोरीत ओतणारी बाई तिच्या लेखी सासर बुडवायलाच जन्मलेली असायची.

"डॉक्टर काय म्हणाला? भाजी उकडून खा म्हणाला. आपुन उकडून दिऊ," आक्कानं निकाल दिला. "बटाट्यातलं वाईट काय आसंल ते बटाट्यात. पाणी त्ये पाणी. पाण्यानं कवा कुणाला रोग झालाय?"

तर्क बिनतोड होता. शिवाय खरं सांगायचं तर पाणी फेकायचं अंजनाच्याही जिवावर आलेलं होतं. तेव्हा दोघींनी मिळून पथ्य सुरू केलं. बटाटा सोलून, बारीक चिरून उकडायचा. पालक उकडायचा. डाळ उकडायची. चोथा निथळून सयाजीरावांच्या ताटात, आणि सगळं पाणी एका पातेल्यात. त्याला लसणीची फोडणी, वर कांदालसणीची चटणी, कोकम, कोथिंबीर. गूळ नाही, खोबरं नाही, शेंगदाण्याचं कूट नाही, कारण पथ्य म्हणजे पथ्य. डॉक्टरांनी भाजीतून जे काढून टाकायला सांगितलं होतं ते तंतोतंत काढलं जात होतं आणि तंतोतंत सयाजीरावांच्या वाटीत पडत होतं.

आमटी मात्र अशी व्हायची की वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा.

सयाजीरावांचं आजवरचं पथ्यपाण्याचं चारित्र्य काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. मीठ बंद झालं तेव्हा ते कॅन्टीनमध्ये खारातली मिरची खायचे. तळकट बंद झालं तेव्हा वडे खाऊन बडीशेप चघळत घरी यायचे आणि दारातच म्हणायचे, "सकाळपासनं नुसत्या चहावर हाय." अंजना त्यांच्या शर्टावरचे वड्याचे कण झटकायची. पण ह्या खेपेला गोष्ट लेकीची होती. त्यांनी अंबाबाईची शपथ घेतली आणि, करून करून भागली आणि देवपूजेला लागली म्हणतात तसे, ते खरोखरच पथ्याला लागले.

स्टँडावर सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटलं ते पिराजीला. हा त्यांचा हाताखालचा कारकून आणि वड्यातला भागीदार.

"सायेब, गरम हाईत."

"उपास हाय."

"आज कसला?"

"रोजचाच."

पिराजीनं वडा मोडला. आतून वाफ आली. सयाजीरावांनी माइक उचलून निपाणीच्या गाडीची घोषणा केली, आणि ती गाडी दहा मिनिटांपूर्वीच गेलेली होती. जीव तीळ तीळ तुटत होता. शहाळेवाला लांबून हाक मारायचा तर हे मान फिरवायचे. घरी आक्काची आमटी आहे, एवढ्या एका आशेवर त्यांची ड्युटी सरायची. घरी आले की तो बेचव बटाट्याचा चोथा ते नाक मुरडून गिळायचे आणि आमटीच्या वाट्यांवर वाट्या ओढायचे.

"आक्का, तू हाईस म्हणून जगलोय बघ," ते डोळे पुसत म्हणायचे. ते पाणी तिखटाचं होतं, पण भावनाही खरी होती. आक्का आणखी एक वाटी ओतायची.

मग दुसऱ्यांदा रक्त तपासलं. सहा पूर्णांक एक.

डॉक्टरांनी चष्मा ह्या वेळी टेबलावरच ठेवला. "साळोखे, चोरून काय खाता?"

"कायबी न्हाय."

"पेशंट खोटं बोलतो, रक्त बोलत नाही."

"आवो डॉक्टर, पोरीची आण घेऊन सांगतो."

"खरं तर आत्ताच ॲडमिट करायला हवं, पण एक संधी देतो. पुढच्या शुक्रवारी परत टेस्ट करायची. तेव्हा सहाच्या खाली नसेल तर तिथूनच ॲडमिट करतो. घरी पाठवणार नाही."

त्या शुक्रवारनंतरच्या रविवारी साखरपुडा होता. बाप दवाखान्यात आडवा, आणि व्याही पाटावर. जोतीराम काय करतील हे कुणी सांगायची गरज नव्हती. घरी आकडा कळला तशी तेजस्वी उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज यायला लागला.

मग घरात चौकशी बसली. आरोपी मधल्या खोलीत खुर्चीवर. अंजनानं त्यांच्या विजारीचे खिसे उलटे केले. आक्कानं तोंडाचा वास घेतला.

"आँ कर."

"आक्का, मी काय ल्हान पोर हाय?"

"ल्हान असतास तर चाबकानं फोडला असता. आँ कर."

खिशात तिकिटांचे तुकडे आणि तोंडात लसणीचा वास निघाला. पुरावा नाही म्हणून अंजनानं स्टँडावर फोन लावला आणि पिराजीला बोलावून घेतलं.

"भावजी, खरं सांगा. ह्ये काय खात्यात तिकडं?"

"वैनी, सायेब पाण्याच्या घोटावर हाईत. शपथ."

दुर्दैव असं, की पिराजी गेली पंधरा वर्षं तोंडात वडा असतानासुद्धा हेच वाक्य ह्याच सुरात सांगत आलेला होता. अंजनानं फोन ठेवला. "उंदराला मांजर साक्ष," ती म्हणाली.

सयाजीरावांना आयुष्यात एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं. खोटं बोललो तेव्हा घर हसून सोडून देत होतं. आज पहिल्यांदा खरं बोलतोय तर बायको खिसे तपासते, बहीण दात मोजते आणि लेक दार लावून घेते. ते गच्चीवर जाऊन एकटेच बसले आणि चक्क रडले.

खाली मात्र आक्का हरणारी नव्हती. "एकदा उकडून भागत न्हाय म्हंजे रोग चिवट हाय," ती म्हणाली. त्या दिवसापासून भाज्या दोनदा उकडायला लागल्या. आता पाणी दुप्पट व्हायला लागलं. पाणी दुप्पट म्हणून पातेलं मोठं आलं, आणि पातेलं मोठं म्हणून सयाजीरावांना सकाळच्या न्याहारीलाही भाकरी कुस्करून आमटी मिळायला लागली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, इथं रेडा आणि पखाल दोन्ही एकाच्याच पोटात चालले होते. त्यांना आताशा पायात गोळे यायचे, गळून गेल्यासारखं वाटायचं. "अशक्तपणा हाय," आक्का म्हणायची, आणि वाटी पुढं करायची.

साखरपुड्याला आठवडा उरला असताना, सोमवारी दिवेलागणीला, दारात चपला वाजल्या. जोतीराम. एकटेच, हातात पिशवी.

"साखरपुड्याचा हॉल बगाय आलतो की ओ," ते म्हणाले. "म्हटलं इवायास्नी भेटून जावं."

सयाजीरावांनी ताठ उभं राहून छाती पुढं काढली, पण पायातला गोळा त्याच क्षणी वर सरकला. तेजस्वीनं पावडरीच्या पुड्या उचलून पर्समध्ये कोंबल्या. अंजना आत पळाली. "वन्सं, जेवायला वाढावं लागणार. घरात तर सगळं पथ्याचंच हाय."

"सोमवार हाय, मटणाचा प्रश्नच न्हाय," आक्का शांतपणे म्हणाली. "सयाजीला येगळं वाढलं की त्येला शंका येणार. सगळ्यास्नी एकच वाढू. भाजीला चव नसली तर नसूदे. आमटी माझी हाय."

आणि तिनं त्या दिवशीचं सगळं पाणी, सकाळचं आणि संध्याकाळचं, एकत्र उकळायला ठेवलं.

पंगत बसली. जोतीरामांनी भात घेतला, कोबी घेतला, काकडी घेतली. बोलणं लग्नावर आलं. लग्न गडहिंग्लजलाच झालं पाहिजे, आमच्यात तशीच रीत आहे, हे त्यांनी ठासून सांगितलं. सयाजीराव मान हलवत भात चिवडत होते. तेवढ्यात आक्का पातेलं घेऊन आली, सयाजीरावांची वाटी भरली आणि पाहुण्यांच्या वाटीवर पळी धरली.

"वास लई भारी सुटलाय. कशाची ओ ही आमटी?" जोतीरामांनी विचारलं.

आक्काला कुणीतरी हे विचारावं असं कितीतरी दिवस वाटत होतं. "कटाचीच, पर साधी न्हवं. बटाट्याचा कट, पालकाचा कट, तुरीचा कट. दोन येळा उकडून काढलेला. सगळा अर्क हाय बघा."

जोतीरामांचा चेहरा उतरला. त्यांनी वाटीवर हात आडवा धरला. "नगं मला."

"आवो घ्या की."

"तिखट चालत न्हाय."

"गडहिंग्लजच्या माणसाला तिखट चालत न्हाय? चाखली तरी कुठं तुमी?"

आता आग्रह म्हणजे काय ते ह्या मुलखात ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. जोतीरामांनी वाटी पाठीमागं लपवली. आक्कानं पळी भाताकडं वळवली. त्यांनी ताट सरकवलं, तसा पळीनं पाठलाग केला. शेवटी भातावर आमटीचा पाट वाहिला आणि जोतीराम अर्धवट उठून ओरडले, "आवो बाई, जीव घेताय काय माझा? पोटॅशियम हाय मला!"

आक्काची पळी हवेतच राहिली.

जोतीराम खाली बसले. घाम पुसला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. किडनीचं दुखणं दोन वर्षांपासूनचं. बेळगावच्या डॉक्टरचं औषध. घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही, पोराची सोयरीक व्हायची म्हणून. "भाजी, डाळ उकडली की त्यातलं पोटॅशियम पाण्यात उतरतंय की ओ," ते काकुळतीला येऊन म्हणाले. "त्ये पाणी गटारात वतायचं असतंय. आमच्यात कुत्र्यालासुदा घालत न्हाईत. तुमी तर नुसता त्येचा अर्कच काडलाय."

ह्यावर अंजनानं जे केलं त्याला तोड नाही. तिनं पदर खोचला.

"म्हंजे मुलाच्या बापाला किडनीचं दुखणं, आणि तुमी आमाला सांगितलं न्हाय?"

"वैनी, चुकलंच जरा."

"जरा? फसवणूक हाय ही," आक्का म्हणाली. "आमी डोळं झाकून पोरगी द्यायलोय."

जोतीरामांची मान पार ताटात गेली. दोन सोयरिकी मोडणारा हा माणूस आता हात जोडून बसला होता. "तुमी म्हणशीला तिथं लगीन करू," ते पुटपुटले. "कोल्हापुरात करू. पर सोयरीक मोडू नका. पोरगं येडं झालंय तुमच्या पोरीपायी."

अंजनानं नवऱ्याकडं पाहिलं. त्या नजरेत सगळं होतं. बाजी आपल्या हातात आहे, लग्न कोल्हापुरात आलंय, आता तोंड मिटून बसा आणि धडधाकट माणसासारखे जेवा. सयाजीरावांसमोर आमटीची वाटी काठोकाठ भरलेली होती. त्यांनी ती उचलली, ओठापर्यंत नेली. मरण समोर वाफाळत होतं. लेकीसाठी प्यायचं असेल तर पिऊ, एवढा मोठा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. पण दुसरा एक विचार त्याच्याही आधी पोटातून वर आला होता आणि तो काही केल्या खाली जाईना. तिथं सोयरीक, डावपेच, कोल्हापूर, सगळं वाहून गेलं.

वाटी दाणकन खाली बसली. "बघितलंसा?" सयाजीराव स्टँडावरच्या आवाजात गरजले. "चोरून खात नव्हतो मी! माझं सहा पूर्णांक एक आलं त्ये ह्या आमटीनं आलं!"

शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला.

जोतीरामांनी मान वर केली. "तुमचं किती म्हणालासा?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "सहा पूर्णांक एक," सयाजीराव म्हणाले.

"माझं साडेसहापातूर गेलतं," जोतीराम म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जरा अभिमान होता. "पायात गोळं येत्यात?"

"येत्यात की! गळाल्यागत हुतंय."

"त्येच ते. शहाळं?"

"रोज एक पीत हुतो."

"मी दोन." जोतीरामांनी सुस्कारा सोडला. थोडा वेळ दोघंही बंद झालेल्या पदार्थांच्या आठवणीत बुडून गेले. मग जोतीराम म्हणाले, "रक्त बघून सोयरीक करावी म्हणतो ते हेच की ओ. जुळलं." आणि अंजनाकडं वळून त्यांनी हळूच भर घातली, "आता लगीन गडहिंग्लजलाच."

तेजस्वी उठली, पातेलं उचललं आणि मोरीत रिकामं केलं. आत्तीच्या तोंडाकडं बघायचं तिनं टाळलं.

त्यानंतर आक्का बोलेनाशी झाली. भावाला वाचवायला आली आणि भावाला मारायला निघाली होती, हे तिला कुणी बोलून दाखवलं नाही, त्यानं ते जास्तच लागलं. ती चुलीपाशी बसून राहायची. ताटावर बसली तर चार घास चिवडून उठायची. भाज्या उकडायची आणि पाणी स्वतःच्या हातानं मोरीत ओतायची, ओतताना तोंड दुसरीकडं करायची. पोटॅशियम परवडलं, पण सयाजीरावांना ते बघवत नव्हतं. ज्या बाईनं आईविना पोराला मोठं केलं, तिला एवढ्याशा गोष्टीसाठी मान खाली घालायला लागावी, ह्यानं त्यांच्या काळजाला घरं पडत होती.

शुक्रवारी आक्का हट्टानं दवाखान्यात बरोबर आली. डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"चार पूर्णांक नऊ! झालं की नाही? ॲडमिट वगैरे काही नको. जा, साखरपुडा करा." मग ते खुर्चीत मागं रेलले. "साळोखे, आता तरी खरं सांगा. इतके दिवस चोरून काय खात होता?"

सयाजीरावांनी बहिणीकडं पाहिलं. आक्काच्या तोंडात पदराचा बोळा होता आणि डोळे भरले होते. तिनं बोळा काढला. "डॉक्टर, त्ये असं झालं बघा..." ती सांगायला लागली.

"केळी," सयाजीराव म्हणाले.

"काय?"

"केळी खात हुतो. चोरून. रोज दोन."

डॉक्टर टेबलावरून पुढं झुकले आणि त्यांनी सयाजीरावांचा हात हातात घेतला. "बघा. एवढंच पाहिजे होतं मला. पेशंट खरं बोलला की निम्मा आजार तिथंच बरा होतो. कबूल करायला मोठं मन लागतं, साळोखे. तुमच्यासारखा प्रामाणिक पेशंट मी फार दिवसांत पाहिला नाही." बाहेर बाकावर बसलेल्यांनाही त्यांनी दार उघडून तेच ऐकवलं.

रिक्षात बसल्यावर सयाजीरावांचा ऊर भरून आला होता. बहिणीची लाज राखली, लेकीचं काम झालं, एक खोटं सत्कारणी लागलं. आक्का बाहेर बघत होती. मग तशीच बाहेर बघत तिनं विचारलं.

"केळी खात हुतास व्हय रं?"

"आक्का, अगं..."

"रोज दोन?"

"अगं, मी तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी केळी खाल्लीस?" आक्का गर्रकन वळली. "सोमवारपासनं डोळ्याला डोळा लागलेला न्हाय माझ्या. भावाला ईख पाजलं म्हणून अन्न गोड लागंना. आणि हितं तू गुपचूप केळी चेपत हुतास. डॉक्टरच्या तोंडावर कबूल केलंस म्हणून कळलं तरी. आणि नाव कुणाचं? माझ्या आमटीचं."

"आक्का, मी खोटं बोललो डॉक्टरला."

"कवा खोटं बोलतोस आणि कवा खरं, मला कळत न्हाय व्हय? ल्हानाचा मोठा केलाय तुला." तिनं पदरानं तोंड पुसलं, सरळ बसली, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रंग आला. "आयतवारी इवायास्नी पण सांगते. कटानं कायबी हुत न्हाय म्हणावं. आणि पोटभर वाडते."

मग तिनं पुढं वाकून रिक्षावाल्याच्या खांद्यावर टपली मारली. "मंडईकडनं घे, बाबा. पालक घ्यायचाय."